पहिल्यातून थेट चौथ्यात: लेकीच्या कॅमारोचा स्किप-शिफ्ट बंद करताना

माझी लेक अमेरिकेत क्लीव्हलंडजवळ राहते. २०२३च्या उन्हाळ्यात तिनं एक जुनी शेवरले कॅमारो घेतली. २००२चं मॉडेल, झेड२८, ५.७ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि हातानं टाकायचे सहा गिअर. त्या पिढीच्या कॅमारोचं ते शेवटचं वर्ष. त्यानंतर हे नाव परत आलं ते थेट २०१०च्या मॉडेलला. इंजिनिअरिंगला असल्यापासून तिला हीच गाडी हवी होती. पैसे साठवून, बऱ्याच गाड्या बघून तिनं ती घेतली आणि पहिल्या आठवड्यातच फोनवर रडकुंडीला आली. चौकातून डावीकडे वळताना तिनं पहिल्यातून दुसरा टाकायला गिअरचा दांडा मागं ओढला, तर तो दुसऱ्यात जाईना. आपसूक सरकून चौथ्यात बसला. इंजिन धडधडलं, गाडी जवळजवळ मेली आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न लावला.

तिनं ज्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली तिथं सांगितलं, दोष काही नाही, गाडी अशीच बनवलेली आहे. "आई, गाडी बिघडलेली नाही, हीच पंचाईत आहे," ती म्हणाली. बिघडलेली असती तर दुरुस्त करता आली असती.

मी बडोद्याला एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळायचे, आता निवृत्त आहे. गाड्यांमधलं मला फारसं कळत नाही, पण सोलेनॉइड, ट्रान्झिस्टर, रोधक (रेझिस्टर) ही माझी माणसं. आम्ही मायलेकींनी हे काम तुकड्यातुकड्यानं, दोन खंडांमध्ये मिळून केलं. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं बाहेर आहेत आणि अशा जुन्या गाड्या घेतात, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते आहे.

आधी कारण. अमेरिकेत १९७८च्या कायद्यानं जास्त पेट्रोल पिणाऱ्या नव्या मोटारींवर एक कर आला, त्याला तिथं गॅस गझलर टॅक्स म्हणतात. सरकारी चाचणीत गॅलनला २२.५ मैलांपेक्षा, म्हणजे आपल्या हिशेबानं लिटरला साधारण साडेनऊ किलोमीटरपेक्षा कमी धावली, तर एक हजार डॉलरपासून पुढे चढत जाणारा कर लागतो. मोठ्या इंजिनाच्या स्पोर्ट्स कारला ही रेघ ओलांडणं अवघड. मग जनरल मोटर्सनं १९८९च्या कॉर्व्हेटपासून सहा गिअरच्या गाड्यांत एक युक्ती घातली. सावकाश चालवत असाल तर गाडी तुम्हाला दुसऱ्यात जाऊच देत नाही, पहिल्यातून थेट चौथ्यात पाठवते. हाच तो स्किप-शिफ्ट. इंजिन कमी फिरतं, चाचणीत पेट्रोल वाचतं. हा कर गाडी बनवणाऱ्या कंपनीनं नव्या गाडीवर भरायचा, वीस वर्षांनी ती चालवणाऱ्या माझ्या लेकीशी त्याचा संबंध नाही. कंपनीनं असं का केलं ते मला पटतं. पण रोजच्या चौकात त्याचा त्रास चालवणाऱ्यालाच होतो, हेही तितकंच खरं.

हे कधी घडतं तेही ठरलेलं आहे. इंजिनाचं पाणी साधारण ७६ अंशांच्या वर तापलेलं हवं, वेग ताशी २४ ते ३१ किलोमीटरच्या आसपास हवा आणि एक्सलरेटर हलका दाबलेला हवा. मॉडेलप्रमाणे आकडे थोडे बदलतात. तिन्ही गोष्टी जुळल्या की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गिअरबॉक्सवरच्या सोलेनॉइडला, म्हणजे वीज आली की आतली खुंटी हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीला, वीज मिळते आणि दुसऱ्याची वाट अडते. वहीत हिशेब मांडला तेव्हा मला लेकीची तक्रार नीट उमगली. या गिअरबॉक्सचं पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.६६, दुसऱ्याचं १.७८, चौथ्याचं बरोबर १. मागचा डिफरन्शियल, म्हणजे चाकांजवळची गिअरची शेवटची जोडी, ३.४२चा. टायरचा घेर दोन मीटर धरला तर ताशी ३० किलोमीटरला इंजिन पहिल्यात मिनिटाला २,२७० फेरे फिरतं, दुसऱ्यात १,५२०, आणि चौथ्यात फक्त ८५५. म्हणजे जवळपास गाडी उभी असताना फिरतं तेवढंच. त्यातून वळण घेत पुढं जायचं म्हणजे इंजिन कुथणारच.

यातून सुटायची एक फुकटची वाट आहे: एक्सलरेटर जोरात दाबायचा किंवा गिअर थोडा उशिरा बदलायचा. लेकीनं दोन-तीन महिने तेच केलं. पण तिच्या कॉलनीत मुलं सायकली चालवतात. केवळ गाडीला चकवायला तिथं इंजिन गरजवत जाणं तिला आवडेना, आणि मलाही ते ऐकून बरं वाटत नव्हतं.

दिवाळीला ती घरी आली. २०२३ची दिवाळी, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. फराळ झाला, पाडवा झाला, आणि मग आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या माडीवर आम्ही माझं जुनं सामान काढलं.

तिनं तिथल्या लोकांकडून दोन उपाय ऐकले होते. एक, लॅपटॉप जोडून गाडीच्या कॉम्प्युटरमधलंच हे कलम बंद करायचं. त्याला काही शे डॉलर मागत होते. दुसरा, सोलेनॉइडचा प्लग काढून त्या जागी वीस-पंचवीस डॉलरचा छोटा प्लग लावायचा. तिचा साधा प्रश्न होता: नुसता प्लग काढून ठेवला तर काय होतं? पैसेही वाचतील.

या प्रश्नाचं उत्तर मला तोंडी द्यायचं नव्हतं. रावपुऱ्यातून एक १२ व्होल्टचा रिले (कॉइलनं चालणारा स्विच), बीसी५४७ ट्रान्झिस्टर, एक डायोड आणि रोधकांची पुडी आणली. सगळं मिळून शंभर रुपयांच्या आत. रिलेची कॉइल म्हणजे आमचं सोलेनॉइड, ट्रान्झिस्टर म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. गाडीत किल्ली चालू असताना सोलेनॉइडला एका बाजूनं १२ व्होल्ट मिळत राहतात आणि कॉम्प्युटर दुसरी बाजू जमिनीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडतो, तेव्हा ते ओढलं जातं. कॉम्प्युटरनं जमिनीची जोडणी सोडलेली असते तेव्हा कॉइलमधून आलेले १२ व्होल्ट कॉम्प्युटरच्या पायावर (पिनवर) दिसत राहतात, आणि त्यावरून त्याला कळतं की सोलेनॉइड जागेवर आहे. आम्ही कॉइल काढली तसे मल्टीमीटरवरचे व्होल्ट शून्यावर आले. लेक लगेच म्हणाली, "म्हणजे त्याला कळणार, वायर तुटली." हो, कळणार. या गाड्यांत त्यासाठी वेगळा दोषाचा कोडच आहे, पी०८०३.

मग कॉइलच्या जागी २.२ किलोओहमचा रोधक लावला. लाल, लाल, लाल पट्ट्यांचा, रुपया-दोन रुपयांचा. पायावर परत पावणेबारा व्होल्ट दिसू लागले. ट्रान्झिस्टर चालू केला की शून्य, बंद केला की पावणेबारा. कॉम्प्युटरला हवं ते सगळं मिळतं आणि प्रत्यक्षात ओढलं मात्र काहीच जात नाही. वीजही किती कमी बघा: १२ व्होल्टला साडेपाच मिलिअँपिअर, इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट धरले तरी दहावा भाग वॅटसुद्धा होत नाही. पाव वॅटचा रोधक गरमही होणार नाही. बाजारात मिळणाऱ्या त्या प्लगच्या पोटात एवढंच असतं.

विजेची बाजू झाली, पण लेकीला गिअरबॉक्सच्या आतलंही बघायचं होतं. मकरपुरा जीआयडीसीत आमच्या ओळखीचे एक गॅरेजवाले आहेत, मराठीच. त्यांच्याकडे एक उघडलेला गिअरबॉक्स पडला होता. कॅमारोचा नव्हे, एका भारतीय गाडीचा. पण दांडा कुठल्या वाटेनं कुठल्या गिअरच्या खाचेत जातो ते त्यांनी हात काळे करून दाखवलं. "बाई, एका वाटेत खुंटी उभी केली की दांडा शेजारच्या वाटेलाच जाणार. खुंटी खाली बसली की दोन्ही वाटा मोकळ्या," ते म्हणाले. सोलेनॉइड ती खुंटी उभी करतं. वीज मिळाली नाही तर स्प्रिंग तिला खालीच ठेवते. म्हणजे आपण काही तोडत नाही, काढत नाही, फक्त खुंटी उभी राहू देत नाही. हे ऐकून माझ्या मनातली बरीचशी धास्ती गेली. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चकल्या मात्र आवडीनं घेतल्या.

लेक परत गेली ती रोधकांची पुडी घेऊन. पण आम्ही ठरवलं की प्लग तयारच घ्यायचा. त्या प्लगचा खटका आणि पाणी अडवणारं रबर घरी बनवता येत नाही, आणि गाडीखाली पावसाचं पाणी व चिखल उडतो. नंतर थंडी लागली. तिकडं रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं जुन्या गाडीचा पत्रा गंजतो, म्हणून डिसेंबर ते मार्च गाडी गॅरेजमध्येच झाकलेली. जानेवारीत तिनं प्लग मागवला. आल्यावर मी तिला सांगितलं, लावायच्या आधी मोज. तिनं मल्टीमीटरच्या दोन टोकांमध्ये तो धरून व्हिडिओवर दाखवला: २.१९ किलोओहम. मला फार आनंद झाला. आपण माडीवर जे मांडलं ते आणि हजारो मैलांवरच्या कारखान्यात बनलेलं, दोन्ही एकच निघालं.

आता कागदपत्रांची बाजू, कारण ती सोडून चालणार नाही. ओहायोमध्ये क्लीव्हलंड-अॅक्रनच्या भागातल्या सात कौंट्यांत गाड्यांची प्रदूषण चाचणी सक्तीची आहे, तिचं नाव ई-चेक. सम सालच्या मॉडेलची चाचणी सम वर्षी, विषम सालची विषम वर्षी. तिची २००२ची, म्हणून २०२४मध्ये वेळ आलीच होती. चाचणी पास झाल्याशिवाय गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण होत नाही आणि तिथं नोंदणी मालकाच्या वाढदिवसाला संपते. लेकीचा वाढदिवस मे अखेरीस. १९९६ आणि त्यानंतरच्या गाडीत चाचणीवाले धुराच्या नळीत काही घालत नाहीत, गाडीच्या कॉम्प्युटरला यंत्र जोडतात. इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असेल तर गाडी नापास. नुसता प्लग उपटून ठेवण्याचा विचार आम्ही का सोडला ते आता लक्षात येईल.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. काम करताना बॅटरीची वायर काढली तर कॉम्प्युटर आपल्या आतल्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्या पूर्ण व्हायच्या आत चाचणीला गेलात तर दोष नसतानाही परत पाठवतात. २००१ आणि त्यानंतरच्या गाडीला एकच तपासणी अपूर्ण असलेली चालते. हा प्लग बदलायला किल्ली काढलेली असणं पुरेसं आहे, बॅटरीला हात लावायची गरज नाही. विमा कंपनीलाही लेकीनं ईमेल करून ठेवला. उत्तर यायला आठवडा लागला, त्यांची हरकत नव्हती, आणि तो ईमेल तिनं छापून गाडीच्या फायलीत लावला. असं लेखी असलेलं बरं.

एप्रिल उजाडला. ८ तारखेला तिच्या गावावरून खग्रास सूर्यग्रहण गेलं, ९ला आमच्याकडे गुढीपाडवा झाला, आणि शनिवारी, १३ तारखेला, कामाचा मुहूर्त लागला. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. रात्रभर गाडी उभी ठेवायची, हे मी आधीच बजावलं होतं, कारण गिअरबॉक्सच्या शेजारून सायलेन्सरचा पाइप जातो आणि गरम असताना तिथं हात घालणं म्हणजे भाजून घेणं. काँक्रीटची सपाट जमीन, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण्या, पुढून जॅकनं उचलून दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जाऊ नये. तिनं गाडीला खांद्यानं ढकलून दाखवेपर्यंत मी तिला खाली जाऊ दिलं नाही. तिची एक मैत्रीण शेजारी उभी होती, हेही मी मागूनच घेतलं होतं. एकटीनं करायचं काम नाही हे.

खरं सांगते, लेक गाडीखाली आणि मी दांडिया बाजारात फोनच्या चौकटीत डोळे लावून, या बसण्याची मला सवय नव्हती. माझे यजमान बाजूला खुर्ची घेऊन बसले होते, एक शब्द बोलले नाहीत.

गिअरबॉक्सवर एकच प्लग नसतो. मागं जाण्याचा दिवा लावणारा स्विच असतो, वेग मोजणारा सेन्सर असतो आणि रिव्हर्स लॉकआउटचं, म्हणजे पुढं जाताना चुकून रिव्हर्स पडू न देणारं, आणखी एक सोलेनॉइड असतं. चुकीचा प्लग काढला जाण्याची भीती खरी आहे. लेकीनं सर्व्हिस मॅन्युअलमधलं पान छापून गाडीखाली नेलं होतं आणि वायरींचे रंग एक-एक करून मोठ्यानं वाचले. मी इकडं माझ्या प्रतीवर खूण करत गेले. तिनं सांगायचं, मी परत म्हणायचं, दोघींचं जुळलं की मगच हात लावायचा. प्रयोगशाळेत मुलांकडून मी हेच करून घ्यायचे.

जुना प्लग निघायला वेळ लागला. वीस वर्षांची धूळ आणि तेल बसून खटका घट्ट झाला होता. जोर लावायचा नाही, खटक्याचं प्लॅस्टिक तुटलं तर नवं मिळवताना दमछाक होते. तिनं आधी ब्रशनं साफ केलं, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खटका हलकेच उचलला आणि वायर न ओढता प्लगचं अंग धरून मागं घेतलं. तो सुटला तेव्हा आवाज फोनवरही ऐकू आला. नवा प्लग वायरिंगच्या बाजूला टक् करून बसला. सोलेनॉइडच्या उघड्या तोंडावर सोबत आलेलं टोपण लावलं. वायर हलू नये म्हणून प्लॅस्टिकच्या टायनं बांधली, सायलेन्सरपासून लांब. नवीन प्लग बसवायला पाच मिनिटंही लागली नसतील. बाकी सारा वेळ गाडी उचलण्यात आणि प्लग ओळखण्यात गेला.

गाडी खाली उतरवल्यावर पहिली परीक्षा उभ्या गाडीतच घ्यायची, आणि ही माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. इंजिन चालू करून रिव्हर्स टाकून बघायचा. रिव्हर्स नेहमीसारखा सहज पडला तर ठीक. दांडा जोरानं ढकलावा लागला तर समजायचं की रिव्हर्स लॉकआउटचा प्लग निघालाय. तिचा सहज पडला.

मग ती मैत्रिणीला घेऊन बाहेर गेली. पाणी तापेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालवायला मी सांगितलं होतं, कारण थंड इंजिनावर घेतलेल्या परीक्षेला अर्थ नाही, थंड असताना ती युक्ती तशीही चालत नाही. मी फोन बंद केला, गाडी चालवताना आईशी बोलायचं नसतं. आमटी गरम केली, पण जेवलो नाही.

फोन आला. "आई, दिवा लागला!" मला क्षणभर वाटलं, इंजिनाचा. पण तो स्किप-शिफ्टचा दिवा होता. तो लागतोच, यापुढेही लागत राहील, कारण कॉम्प्युटर हुकूम सोडतोच आहे, फक्त तो अमलात आणणारं तिकडं कुणी नाही. हे आधी माहीत असलं तर घाबरायला होत नाही. दिवा लागलेला असतानाच तिनं हलक्या पायानं, ताशी २७-२८च्या वेगात दांडा मागं ओढला होता आणि तो दुसऱ्यात गेला होता. त्याच चौकात डावीकडे वळून पाहिलं, पुन्हा दुसऱ्यात. आम्ही मग नऊ वाजता जेवलो.

पुढचे काही आठवडे तिनं गाडी नेमानं चालवली आणि कोड वाचायचं छोटं यंत्र मधूनमधून जोडून पाहिलं. पी०८०३ आला नाही, दुसरंही काही नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ई-चेकला गेली. रांगेत अर्धा तास गेला, चाचणी काही मिनिटांची, पैसे लागले नाहीत. पास झाल्याचा छापील कागद मिळाला आणि वाढदिवसाच्या आधी नोंदणीचं नूतनीकरण झालं.

पेट्रोलचं कुणी विचारेल. कागदावर थोडं जास्त जळणार, ते खरं आहे. पण लेक आता सपाट रस्त्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि मग लवकर चौथ्यात जाते, आणि कॉलनीत एक्सलरेटर दाबून गाडीला चकवणं थांबलं आहे. गाडी ती बहुतेक शनिवार-रविवारीच काढते.

कुणाला करायचं असेल तर प्लग मागवताना गाडीचं साल आणि मॉडेल दोन्ही लिहा, कारण कॉर्व्हेट, कॅमारो आणि नंतरच्या गाड्यांचे प्लग एकसारखे नसतात. कॉर्व्हेटच्या १९९७पासूनच्या पिढीत तर गिअरबॉक्सच मागच्या चाकांजवळ आहे, तिथं हात घालायला जागा आणखी कमी. लावण्याआधी प्लग मल्टीमीटरवर मोजा. आणि काय बदललं, कुठल्या तारखेला, याची चिठ्ठी गाडीच्या कागदांत ठेवा. उद्या गाडी विकली तर घेणाऱ्याला पाच मिनिटांत ती मूळ स्थितीत आणता येते, त्याला एवढंच कळायला हवं की टोपणाखाली सोलेनॉइड शाबूत आहे.